खिळे दिलेत, साचे कुठे आहेत?

‘फॉन्ट करायला शिकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ या क्षेत्रात नव्यानं शिरणाऱ्या प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न असतो. त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली. एक गट म्हणतो, ग्लिफ्स घे, आणि त्यासाठी आधी मॅक घे. दुसरा म्हणतो, फॉन्टलॅब. तिसरा बाह्या सरसावून सांगतो की फॉन्टफोर्ज फुकट आहे, मुक्त आहे, आणि बाकी सगळी गुलामगिरी आहे. मग तासभर जुंपते. ज्यानं विचारलं तो बिचारा कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा की हा नाद सोडून द्यावा, या विचारात मधल्या मध्ये लटकतो.

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेला आहे. अवजार दुय्यम. काढलेलं अक्षर कुठल्या स्वरूपाच्या फाइलीत राहणार, हे आधी ठरवायचं. उद्या ते अवजार बंद पडलं, कंपनी विकली गेली, किंवा अक्षर काढणारा माणूस धंदा सोडून गेला, तर ती फाइल दुसऱ्या कोणाला उघडून पुढे नेता येईल का? मराठीला हा प्रश्न जास्त टोचायला हवा. आपण या रस्त्यावर एकदा ठेच खाल्लेली आहे, आणि आता दुसऱ्या दगडाकडे निघालो आहोत.

पहिली ठेच

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली एखादी फाइल मोबाइलवर उघडून पाहा. ‘भारत’ हा शब्द जिथं असायला हवा, तिथं एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरं दिसतील. फाइल बिघडलेली नाही. तिच्यात मुळात तेवढंच आहे.

या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रं भाडेकरू म्हणून बसवली. एचच्या घरात काना नसलेला भ, केच्या घरात काना, जेच्या घरात र, आरच्या घरात त. फॉन्ट जवळ आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसतं. तो काढून घेतला की उरतो रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग. आणि प्रत्येकाची घरं वेगळी. कृतिदेवची एक व्यवस्था, श्रीलिपीची दुसरी, शिवाजीची तिसरी. एकीतला मजकूर दुसरीत नेला की भलतंच काहीतरी उमटतं.

हे करणाऱ्यांना आज शहाणपणा शिकवणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ मध्येच, देवनागरी होती. पण विंडोजवर ती नीट वापरता यायला २००० साल उजाडलं. त्यातही छपाईचं सगळं काम ज्या पेजमेकरवर चालायचं, त्याला युनिकोड कधीच जमलं नाही. दिवाळी अंक दिवाळीलाच निघायला हवा होता. समोर जी सोय होती ती लोकांनी वापरली, आणि म्हणूनच मराठी छपाई खिळ्यांवरून संगणकावर आली. हे ऋण मान्य.

पण किंमत बघा. त्या फाइलींमध्ये शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर त्या वाचून दाखवताना रोमन बाराखडी बरळतो. जुन्या पुस्तकाचं ई-पुस्तक करायचं, तर आधी रूपांतर आणि मग निसटलेले रफार, उलटसुलट झालेल्या ऱ्हस्व वेलांट्या हुडकत ओळीन्‌ओळ मुद्रितशोधन. खर्चाचा हिशेब मांडला की प्रकाशक म्हणतो, राहू दे. अशी ‘राहू दे’ झालेली पुस्तकं तुमच्या फोनवर कधी येतच नाहीत. तुम्हाला वाटतं, मराठीत त्या विषयावर काही लिहिलंच गेलेलं नाही.

यातून शिकण्यासारखं एकच होतं: तात्पुरती सोय म्हणून घेतलेलं स्वरूप तात्पुरतं राहत नाही.

दुसरा दगड

‘पण आता युनिकोड आलं ना!’

आलं. त्यानं मजकूर सुटला. ‘भारत’ आता कुठल्याही फोनवर ‘भारत’च राहतो. पण तो मजकूर ज्या आकारांतून डोळ्यांना दिसतो, ते आकार अजूनही अडकलेलेच आहेत, आणि ही दुसरी अडकवणूक लवकर लक्षात येत नाही. कारण फॉन्ट तर दिसतोय, चालतोय, फुकटही मिळालाय!

खिळ्यांच्या छपाईतला एक फरक इथं उपयोगी पडतो. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची स्वतःची ओतशाळा होती, आणि तिथले देवनागरी खिळे एकोणिसाव्या शतकात नावाजलेले होते. बाकीचे छापखाने ओतशाळांकडून खिळे विकत घेत. ते झिजत, तुटत, पुन्हा आणावे लागत. हाती खिळे असले तर छापता येतं. पण अक्षराचं वळण सुधारायचं, नवं जोडाक्षर घडवायचं, तर साचे लागतात. ज्याच्याकडे साचे, अक्षर त्याचं.

तुम्ही उतरवून घेता ती टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल, किंवा वेबसाइट तुमच्या नकळत फोनवर पाठवते ती वॉफ फाइल, हे खिळे आहेत. साचे म्हणजे फॉन्ट काढणाऱ्याच्या संगणकावरची मूळ फाइल. दोन्हींत फरक किती? मूळ फाइलीत काना एकदाच काढलेला असतो आणि तो शेकडो अक्षरांत नुसता जोडलेला असतो. एक सुधारला की सगळे सुधारतात. रेषा एकमेकींवर सुट्ट्या ठेवलेल्या असतात. मात्रा, अनुस्वार, रफार कुठे बसायचे, त्याच्या खुणा असतात. सर्वांत बारीक आणि सर्वांत ठसठशीत अशी दोन टोकं काढलेली असतात, आणि मधल्या जाड्या गणितानं निघतात. कुठलं अक्षर कुठल्या अक्षराला भेटलं की काय व्हायचं, त्याचे नियम माणसाला वाचता येतील अशा ओळींत लिहिलेले असतात.

फॉन्ट तयार करून बाहेर पाठवताना यातलं बहुतेक सगळं वितळून एकजीव होतं. सुट्ट्या रेषांची एकच बाह्यरेखा बनते. टीटीएफ करायचं तर वक्रांचं गणितही बदलतं, मूळ वक्राच्या जागी त्याच्या जवळपास जाणारे दुसरे वक्र येतात. दोन टोकांऐवजी प्रत्येक जाडीची स्वतंत्र फाइल होते. नियमांचे तक्ते होतात, यंत्राला सोयीचे आणि माणसाला दगडासारखे. त्यावरून मागे येता येतच नाही असं नाही. येता येतं, पण चुरम्यावरून लाडू किती वळले होते ते सांगण्यासारखं आहे ते.

आपल्याला साचे कशाला हवेत?

कारण मराठीला फॉन्टमध्ये सतत दुरुस्त्या लागतात, आणि त्या आपल्याऐवजी दुसरं कोणी करणार नाही.

हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्यावरचा ‘ल’ बघा. उजवीकडे उभा दंड असेल तर ते हिंदीचं वळण. दंड नसेल आणि दोन्हीकडे पाकळ्या असतील तर ते मराठीचं. ‘श’चंही तसंच: आपला गाठीचा, हिंदीचा शेंडीफोड्या. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं अधिकृत केली. शासनानं केली, फोननं नाही.

ओपनटाइप या स्वरूपात यावर तोड आहे. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवायची, आणि ‘भाषा मराठी असेल तर हा ल वापर’ असा नियम लिहायचा. चांगल्या फॉन्टांत तो असतोही. पण मजकूर मराठी आहे, हे फॉन्टला सांगणार कोण? वेबसाइट करणाऱ्यानं पानावर भाषेची खूण लावली तर ती सांगेल. अनेक जण लावत नाहीत. मेसेजच्या ॲपमध्ये तर तुम्ही मराठी लिहिताय की हिंदी, हे सांगायला जागाच नसते. मग नियम फॉन्टमध्ये झोपून राहतो आणि समोर दंडवाला ‘ल’ येतो.

एक उपाय म्हणजे जगातल्या प्रत्येक ॲपवाल्याला पटवणं. दुसरा म्हणजे मुळातच मराठी वळण धरणारी आवृत्ती तयार करणं. दुसऱ्या उपायासाठी फक्त दोन अक्षरं बदलून भागत नाही. श्व, श्च, श्ल, ल्ल, क्ल, प्ल, ल्हा, अर्धा ल, अर्धा श, सगळं आलं, आणि तेही प्रत्येक जाडीत. मुक्ता या फॉन्टच्या सात जाड्या आहेत. हाती नुसत्या टीटीएफ असतील तर हे काम सात वेळा करा. साचे असतील तर दोन टोकांत करा, मधल्या पाच आपोआप निघतील.

किंवा चंद्रकोरीसारखा वर न जाता आडवा बसणारा तो आपला अर्धा र घ्या. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत फरक तेवढाच, पण एकाला नमस्कार करायचा असतो आणि दुसऱ्याला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगायचं असतं. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. हा आकार हिंदीला लागत नाही. ज्यानं फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून काढला, तो याचा नियम विसरू शकतो, आणि मग ‘ऱ’चा पाय मोडून पुढे ‘य’ सुटा उभा राहतो. ही दुरुस्ती जाणकाराला एका संध्याकाळची आहे. साचे नसतील तर ती कधीच होत नाही.

परवानगी म्हणजे साचे नव्हेत

इथं कोणी म्हणेल, ‘फॉन्ट ओपन सोर्स आहे ना, मग झालं!’ थांबा. बहुतेक मुक्त फॉन्ट ज्या परवान्याखाली येतात तो ओएफएल तुम्हाला फॉन्ट वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी देतो. मूळ फाइली द्यायची सक्ती मात्र तो कोणावर करत नाही. म्हणजे कायद्यानं तुम्ही फॉन्ट बदलायला मोकळे, आणि प्रत्यक्षात हाती खिळे. ‘घर तुमचंच समजा’ म्हणायचं आणि किल्ली द्यायची नाही, तशातला हा प्रकार.

मोकळीक खरोखर वापरली गेली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट मराठीसाठी केला गेला. पुढे आयआयटी मुंबईच्या एका प्रकल्पानं देवनागरीसाठी त्याचाच आधार घेतला, रोमनसाठी पीटी सेरिफ या फॉन्टचा घेतला, आणि त्यातून शोभिका घडला. देवनागरीचे १६०० हून अधिक आकार, ११०० हून अधिक जोडाक्षरं, वैदिक स्वरचिन्हं. संस्कृतचे अभ्यासक आज तो वापरतात. मराठीसाठी केलेल्या कामावर दुसऱ्या भाषेच्या अभ्यासाचा मजला चढला, कारण पाया कुलूपबंद नव्हता. प्रत्येक जण पहिल्या ‘क’पासून सुरुवात करत बसला असता, तर ११०० जोडाक्षरांपर्यंत पोचायला किती वर्षं लागली असती?

मग अवजाराचं काय?

आता त्या पहिल्या भांडणाकडे. फॉन्टफोर्जवाल्यांचा दावा असा, की मुक्त अवजार वापरलं की तुम्ही मुक्त. हे खरं नाही. मायक्रोसॉफ्टचं व्होल्ट फुकटच मिळायचं, आणि भारतीय लिप्यांच्या अनेक फॉन्टांचे नियम त्यात लिहिले गेले. ते चालतं फक्त विंडोजवर, आणि त्यातले नियम आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या फीचर फाइलीत आणायचे तर चक्क भाषांतर करावं लागतं. फुकट होतं, तरी अडकवलंच.

उलट ग्लिफ्स विकतचं आहे आणि मॅकवरच चालतं. पण त्याची फाइल साधा मजकूर असते, तिची रचना जाहीर आहे, आणि ती इतर स्वरूपांत नेणारी मुक्त साधनं आहेत. म्हणून ग्लिफ्स वापरणारा आपोआप गुलाम ठरत नाही. ग्लिफ्सवाल्यांनी मात्र एवढ्यावर हुरळून जाऊ नये. त्या अवजाराच्या काही खास सोयी रूपांतरात गळून पडतात, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

अवजारांचा भरवसा किती धरायचा, हे इतिहास सांगतो. फॉन्टोग्राफर १९८६ मध्ये आलं आणि संगणकावर अक्षर काढणं त्यानं घरोघरी नेलं. आधी ते आल्टसिसचं होतं, मग मॅक्रोमीडियाचं झालं, मग फॉन्टलॅबचं. फॉन्टलॅब स्टुडिओ ५ त्याच्या स्वतःच्या बंदिस्त स्वरूपात फाइली ठेवायचं. २०१९ मध्ये मॅकची कॅटालिना आवृत्ती आली आणि त्यावर ते सुरूच होईना. पोस्टस्क्रिप्ट टाइप १ हे फॉन्टचं स्वरूप अडोबीनं स्वतः जन्माला घातलं, त्यावर छपाईचं एक युग उभं राहिलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये अडोबीनंच आपल्या सॉफ्टवेअरमधून त्याला रजा दिली. आईनंच नाव काढून टाकलं, शेजाऱ्यांकडून काय अपेक्षा ठेवायची?

यावर टिकाऊ उत्तर म्हणजे यूएफओ. हो, उडत्या तबकडीचंच नाव. इथं त्याचा अर्थ युनिफाइड फॉन्ट ऑब्जेक्ट. हे एक साधं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक अक्षराची वेगळी, मजकुराच्या रूपातली छोटी फाइल. साध्या नोटपॅडमध्येही ती उघडते. कोणी ‘श’ची गाठ दोन अंश सरकवली, तर गिटसारख्या साधनात नेमकं काय बदललं ते ओळीनिशी दिसतं. जोडाक्षरांचे नियम फीचर फाइलीत, तोही साधा मजकूर. अनेक अवजारं हे स्वरूप वाचतात. उद्या ती सगळी बुडाली तरी मजकुराची फाइल वाचणारा प्रोग्राम कोणीतरी पुन्हा लिहू शकेल.

म्हणून माझा सल्ला असा. अवजार खिशाला झेपेल ते घ्या. मॅक असेल तर ग्लिफ्स खुशाल वापरा. नसेल तर फॉन्टफोर्ज आहे, आणि आता ब्राउझरमध्ये चालणारा फॉन्ट्रासुद्धा आहे, जो मुक्त आहे आणि यूएफओ थेट उघडतो. पण कशातही काम केलंत तरी दर महिन्याला एक परीक्षा घ्या. आपलं नेहमीचं अवजार बाजूला ठेवा, फोल्डरातल्या यूएफओवर फॉन्टमेक हा मुक्त प्रोग्राम चालवा, आणि पूर्ण फॉन्ट तयार होतो का ते बघा. झाला, तर साचे तुमच्या हातात आहेत. नाही झाला, तर ते तुमच्या अवजाराच्या मालकाच्या हातात आहेत.

पोटावर पाय?

सर्वांत वजनदार आक्षेप पोटाचा आहे. देवनागरी फॉन्ट काढणं महिन्यांचं, कधी वर्षांचं काम. रोमनला जिथं अडीचशे आकारांत बऱ्यापैकी भागतं, तिथं आपल्याला पाचशे ते हजार लागतात. एवढं करून साचे फुकट वाटायचे, तर अक्षरकारानं खायचं काय?

आक्षेप खरा आहे, म्हणून मागणी नेमकी हवी. स्वतःच्या पैशानं फॉन्ट काढून विकणाऱ्याकडे मी साचे मागत नाही. त्याचा माल, त्याची मर्जी. त्यानं साचे स्वतःसाठी तरी मोकळ्या स्वरूपात ठेवावेत, एवढंच. नाहीतर दहा वर्षांनी तोच आपल्या घराबाहेर उभा राहील. माझी मागणी आहे सार्वजनिक पैशाला. शासन, विद्यापीठं, महामंडळं, महापालिका यांनी मराठीसाठी फॉन्ट करून घेतला, तर पैसे अक्षरकाराला पूर्ण द्या, घासाघीस न करता द्या. पण तयार फॉन्टबरोबर मूळ फाइली, नियमांच्या फाइली आणि त्यावरून फॉन्ट कसा तयार करायचा याची लेखी कृती घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. करारात ही चार ओळींची भर आहे. रस्त्याचं कंत्राट देताना आपण नकाशे मागतो. अक्षराचं देताना का मागत नाही?

आणि यानं अक्षरकाराचं काम कमी होत नाही, वाढतं. साचे खुले असले की दुरुस्त्या निघतात, नव्या जाड्या हव्या होतात, मोडी जोडायची कल्पना कोणाला तरी सुचते. ही कामं करणार कोण? हे कसब ज्याच्या बोटांत आहे तोच. बंद फाइलीवर मात्र कोणालाच काम मिळत नाही, मूळ अक्षरकारालाही नाही.

कला महाविद्यालयांनीही आपला भाग उचलावा. फॉन्ट प्रकल्पाचे गुण पोस्टरवर देऊ नयेत. पोस्टरवर चार अक्षरं देखणी दिसतात, बाकीची जन्मलेलीच नसतात. विद्यार्थ्याकडून यूएफओचं फोल्डर मागावं आणि वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला सांगावं, यात एक जोडाक्षर घालून दाखव. ते जमलं तर पहिला उत्तीर्ण. एवढ्या एका परीक्षेनं जे शिकवलं जाईल, ते अवजारांच्या कार्यशाळांनी शिकवलं जात नाही.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता समारंभ होतील, ॲपं निघतील, नव्या फॉन्टांची अनावरणं होतील. पुढच्या २७ फेब्रुवारीला कोणी मराठीला फॉन्ट ‘अर्पण’ केला, की टाळ्या वाजवा, उतरवून घ्या, वापरा. आणि खाली कमेंटमध्ये एक ओळ टाका: खिळे मिळाले, आभार. साचे कुठे ठेवलेत?